सात पत्ते आणि रिकामा डबा

"लिहून ठेवा, हापूसच्या पेट्या बाजारात यायच्या आत मी त्या बेटावरच्या कसिनोत पत्ते वाटताना दिसेन."

लतिकाने हे जाहीर केलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू जात होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, कारण त्या क्षणी ती काळं जाकीट आणि गळ्याला बो लावून एका मोठ्या झुंबराखाली उभी होती. स्वयंपाकघरात होता तो नुसता तिचा देह. दुधाकडे शेवटी तिची लेक इशिता धावली.

वासुदेवने फोनमधून डोकं वर काढलं. "काय वाटणार?"

"पत्ते."

"प्रसाद वाटणं वेगळं, लतिका."

"आई, धिस इज माय फॉल्ट," इशिता ओटा पुसत म्हणाली. "आय शुड नेव्हर हॅव शोन यू दॅट ॲड."

इशिताचा जन्म इथलाच, अमिरातीतल्या रास अल खैमातला. इथल्याच एका हॉटेलात ती रिसेप्शनवर होती. आई-बाबा मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोन्ही बाजूंना आपण एकच भाषा बोलतोय असं वाटायचं. तिच्याच फोनवर ती जाहिरात आली होती. बेटावर नवं रिसॉर्ट उघडणार होतं, त्यात कसिनो असणार होता आणि पत्ते वाटणारी माणसं हवी होती. अनुभवाची अट नाही, वयाची नाही. हसतमुख आणि सोशीक असावं, एवढंच. हसतमुख आणि सोशीक हे शब्द वाचताच ही जाहिरात आपलं नाव घेऊन लिहिलेली आहे, अशी लतिकाची खात्री पटली.

पगार ऐकून वासुदेवने तोंडातल्या तोंडात दिरहमचे रुपये केले आणि तो जरा सावरून बसला. पण लतिकाचा जीव पैशात नव्हता. लग्न होऊन ती या देशात आली, तेव्हा तिच्या व्हिसावर गृहिणी असा शिक्का बसला आणि तो जणू कपाळावरच राहिला. शाळेत ती 'इशिताज मम्मी' झाली, दवाखान्यात 'मिसेस वासुदेव', आणि बिल्डिंगच्या वॉचमनसाठी 'फ्लॅट थ्री-ओ-टू'. 'लतिका' म्हणून हाक मारणारा एकच माणूस उरला होता, तोही मोजे सापडेनासे झाले की. तिला छातीवर लावायची एक छोटीशी पट्टी हवी होती, आणि त्या पट्टीवर नुसतं तिचं नाव. या एका पट्टीपायी गेली काही वर्षं बरंच दूध उतू गेलं होतं.

आता खेळ शिकायचा कुणाकडून? उत्तर समोरच्याच दारात होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये ग्रेस राहायची. ही मनिलाची, पण तिची आजी चीनमधून तिथे आलेली. ग्रेसने कित्येक वर्षं क्रूझ जहाजांवर पत्ते वाटले होते आणि या नव्या रिसॉर्टने तिला आधीच उचललं होतं. लतिका आणि ग्रेस यांचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत चालायचं. आपण ते सोयीसाठी मराठीत ऐकू.

या दोघींची मैत्री जुळली ती एका भांडणातून, आणि ते भांडण ग्रेसला कळलंसुद्धा नव्हतं. झालं असं की, लतिकाने पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी पाठवली. ग्रेसने डबा लख्ख घासून, पुसून परत आणला. रिकामा! लतिकाने हसून तो घेतला, दार लावलं आणि संध्याकाळभर ती घुम्यासारखी बसून राहिली. एखाद्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे वळण तिच्या हातांना लहानपणापासून होतं. शेवटी इशिताने समोर जाऊन ग्रेसला ही भानगड समजावली. तेव्हापासून त्या डब्यातून कधी शेवया यायच्या, कधी बिस्किटं, आणि काहीच नसलं तर एक संत्रं. एकदा तर शाम्पूची पुडी आली होती. लतिकाला तीही चालली.

"सगळे ब्लॅकजॅक शिकून येतात," ग्रेस म्हणाली. "तू पाय गाव शीक. तो येणारे कमी, म्हणून घेतील लवकर."

पाय गाव हा मूळचा चिनी लोकांचा खेळ. ठिपक्यांच्या सोंगट्यांवर खेळायचा. पुढे तो अमेरिकेत कुणीतरी पत्त्यांवर आणला. सोंगट्यांचं नाव निघताच वासुदेवचे कान टवकारले. तो टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी तपासायचा. इतकी वर्षं तेच केल्यामुळे कुठल्याही मॉलमध्ये शिरला की आधी टाचेने फरशी ठोकून बघायचा.

"सोंगट्या म्हणजे टाइल्सच की," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मोझेकच्या नमुन्यांचे बाद तुकडे घेऊन आला. निळे, पांढरे, मोरपंखी. कसिनोत पैशांऐवजी चिप्स असतात, घरात हे तुकडे. पैसा नाही, काजूसुद्धा नाही, अशी सक्त ताकीद त्याने आधीच दिली. कायद्याला तो फार भ्यायचा. लाल दिव्याला तो चालतानासुद्धा थांबायचा, मग रस्त्यावर गाडी असो वा नसो.

टेबलाला हिरवं कापड लागतं. घरात हिरवं एकच होतं, ते म्हणजे लतिकाचा लग्नातला शालू. कपाटाच्या तळातून तो बाहेर निघाला, डांबरगोळ्यांचा वास झटकून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि शिकवणी सुरू झाली.

खेळ असा. प्रत्येकाला सात पत्ते. त्यांचे दोन हात करायचे, मागे पाच पत्त्यांचा, पुढे दोन पत्त्यांचा. खेळणाऱ्याचे दोन्ही हात वाटणाऱ्याच्या दोन्ही हातांना भारी पडले तर तो जिंकला, दोन्ही कमी पडले तर हरला. एक जिंकला आणि एक हरला तर कुणी कुणाला काही द्यायचं नाही, डाव तसाच सोडून पुढे जायचं. आणि बहुतेक वेळा तेच होतं.

"म्हणजे तासभर खेळून काही घडतच नाही?" वासुदेवने विचारलं.

"घडत नाही," ग्रेस म्हणाली. "म्हणून तर लोकांना आवडतो. शांत खेळ आहे."

वासुदेवला तो एकदम ओळखीचा वाटला. संसारातली त्याची बरीचशी भांडणं अशीच सुटली होती.

पहिल्याच डावात लतिकाला दोन राजे आले. तिने ते आनंदाने पुढे मांडले आणि उरलेले पाच सटरफटर पत्ते मागे सारले. ग्रेसने मान हलवली. "बाद. पुढचे दोन मागच्या पाचांपेक्षा वरचढ चालत नाहीत."

"पण चांगलं ते पाहुण्यांना दिसायला नको?"

"नाही. खरी ताकद मागेच ठेवायची."

लतिकाने दोन्ही राजे उचलून मागे नेले. मग तिला ते असं लख्ख समजलं की पुन्हा कधी चुकलं नाही. सण असला की हॉलमध्ये दोघं झोकात बसतात आणि घर मात्र मागच्या स्वयंपाकघरावर चालतं. हे तिला शिकवायला चिनी माणसं कशाला हवी होती!

दुसरा नियम याहून सोपा गेला. वाटणाऱ्याने स्वतःच्या पत्त्यांवर डोकं चालवायचं नाही. कुठला पत्ता पुढे, कुठला मागे, हे कसिनोने आधीच ठरवलेलं असतं. आपल्याला पटो न पटो, तसंच मांडायचं. सासूबाईंच्या हाताखाली काढलेली वर्षं इथे कामी आली.

मग तिला खेळाचं वेडच लागलं. सकाळी खाडीच्या कडेने चालायला जाताना तिच्या खिशात पत्ते असायचे. ओहोटीच्या पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे असायचे, खारफुटीवरून धुकं उठत असायचं, आणि लतिका बाकावर बसून सात-सात पत्त्यांच्या गड्ड्या पाडायची. पाणी आत यायचं, बाहेर जायचं. कुणी जिंकत नव्हतं, कुणी हरत नव्हतं. अशा वेळी तिला वाटायचं की आपण इथल्या नाहीच आहोत, त्या हिरव्या कापडावर कुठेतरी तरंगतो आहोत, आणि लांबून कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारतं आहे. हाक मारणारा बहुतेक वेळा बाकाची धूळ पुसणारा सफाई कामगार असायचा आणि तो "मॅडम, जरा पाय वर" म्हणत असायचा.

घरातल्या सरावात एक बारीकशी गोष्ट घडत होती, ती मात्र कुणाच्याच लक्षात आली नाही. वासुदेव हरला की लतिका त्याच्या पुढ्यातले तुकडे ओढून घ्यायची आणि जाता जाता त्यातला एक परत ठेवायची. वासुदेवला तो हक्काचाच वाटायचा. इशिता फोनमध्ये असायची. ग्रेसची नजर पत्त्यांच्या मांडणीवर. आणि लतिकाला तर आपला हात काय करतो आहे याचा पत्ताच नव्हता.

यातच एका संध्याकाळी दार उघडं राहिलं आणि प्रमिलाताई जिना चढत होत्या. प्रमिलाताई म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या महिला विभागाच्या प्रमुख. मंडळाची बातमी फोनवर येण्याआधी त्यांच्याकडे यायची. त्यांना टेबलावर हिरवा शालू दिसला. लग्नाच्या वयाची मुलगी घरात, शालू बाहेर काढलेला, समोर परकी पाहुणी बसलेली. प्रमिलाताईंनी आत न येता घाईने पावलं उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी सहा बायका उभ्या. हातात पेढे, नारळ, ब्लाउजपीस.

"आम्हाला परकंच केलंस ना," प्रमिलाताई म्हणाल्या. "मुलगा कुठला? दुबईचा की अबू धाबीचा?"

"हू इज गेटिंग मॅरिड?" इशिताने आतून विचारलं.

"तूच गं," एकीने सांगितलं.

"व्हॉट!"

लतिका पुरती कात्रीत सापडली. खरं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, आणि खरं सांगायला लागल्यावर तिला थांबता येईना. लग्नबिग्न काही नाही, मलाच नोकरी लागते आहे, बेटावरच्या रिसॉर्टमध्ये, परीक्षा म्हणजे नुसता उपचार, असं ती बोलून गेली. शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

"कसिनो म्हणजे जुगारच की," प्रमिलाताईंनी ओठ मुडपले.

"खेळणाऱ्यांना जुगार, ताई. वाटणाऱ्याला नोकरी."

"बघू तरी कसा असतो."

बायका शालूभोवती बसल्या. लतिकाने पत्ते पिसले, सात-सात वाटले, मोझेकचे तुकडे पुढ्यात ठेवले. पहिल्या डावात कुणाचं काही गेलं नाही, दुसऱ्यात दोघींचं गेलं आणि एक-एक तुकडा परत मिळाला. चहा झाला, पेढे संपले, उन्हं उतरली. कुणी उठेना. शेवटी घरून फोन यायला लागले तेव्हा प्रमिलाताई उठत म्हणाल्या, "चांगला आहे हो खेळ. माणूस हरला तरी मोकळ्या हाताने जात नाही."

एवढं स्पष्ट वाक्य कानावर पडूनही लतिकाला काही कळलं नाही. ती पुन्हा झुंबराखाली पोचली होती. आणि रात्र पडायच्या आत रास अल खैमातल्या सगळ्या मराठी घरांना कळलं होतं की लतिकाला नोकरी लागली.

परीक्षा दुपारी होती. एका हॉटेलच्या हॉलमध्ये खरी टेबलं मांडलेली होती. लतिकाला काळं जाकीट मिळालं, आणि छातीवर एक तात्पुरता कागद लावला, त्यावर फक्त नंबर होता. परीक्षक मिसेस फोंग मकावहून आलेल्या. केस पांढरे, आवाज इतका हळू की ऐकायला सगळे आपोआप गप्प व्हायचे. टेबलाभोवती रिसॉर्टचीच सहा माणसं खेळाडू म्हणून बसली होती. वर छतातून एक कॅमेरा खाली बघत होता.

लतिकाने टेबलावर हात ठेवला. कापड हिरवं होतं, तळव्याला शालूपेक्षा थोडं खरखरीत. आणि मग तिची भीती कुठल्या कुठे गेली. पत्ते तिच्या बोटांतून आपसूक सुटायला लागले. सात इकडे, सात तिकडे. तिने कॅमेऱ्याला दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले, हात रिकामे आहेत हे दाखवायची ती पद्धत. स्वतःचे पत्ते कसिनोच्या नियमाने मांडले. कुणी हरलं की चिप्स ओढून घेतल्या, कुणी जिंकलं की दिल्या, बरोबरी झाली की हलकेच हसून पुढे गेली. खोलीत पत्त्यांच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता. आपण आयुष्यभर हेच करत होतो असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

मिसेस फोंग शेजारच्या माणसाशी काहीतरी कुजबुजल्या. तो उठून कॅमेऱ्याच्या खोलीत गेला. लतिकाला वाटलं, कौतुक चाललं आहे.

डाव संपले. चिप्सचा खण मोजला. पुन्हा मोजला. मिसेस फोंगनी तिला जवळ बोलावलं.

"तुम्ही हरलेल्या प्रत्येकाला एक चिप परत दिलीत. का?"

"मी? छे हो."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. वरून टिपलेलं हिरवं टेबल, काळ्या जाकिटाच्या बाह्या, आणि तिचे स्वतःचे हात. उजवा हात चिप्स ओढून घेत होता आणि जाता जाता एक चिप परत ठेवत होता. नुसती ठेवत नव्हता, असू दे म्हटल्यासारखं बोटाने जरा दाबतही होता. पुढच्या डावात तसंच. त्याच्या पुढच्या डावात तसंच.

लतिकाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. तिने हिंदी-इंग्रजीत, जमेल तसं सांगितलं. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. मी मुद्दाम नाही केलं. हाताला वळणच तसं आहे.

मिसेस फोंगनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "माझ्या आजीच्या घरातूनही भांडं कधी रिकामं गेलं नाही."

लतिकाचा चेहरा उजळला.

"पण हे माझ्या आजीचं घर नाही," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "टेबलावर तुम्हाला उभं करता येणार नाही. सॉरी."

घरी परत येताना लतिका टॅक्सीच्या काचेला डोकं टेकून बसली होती. जाकीट परत केलं होतं, नंबरचा कागदही. घरी येऊन तिने शालूची घडी घालायला घेतली आणि तिला एकदम रडू कोसळलं. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण प्रमिलाताईंना काय सांगायचं याचं जास्त होतं, आणि सगळ्यात जास्त राग आला होता तो स्वतःच्या उजव्या हाताचा.

"लतिका," वासुदेवने हाक मारली.

"पलंगाखाली असतील. बघा," ती डोळे पुसत म्हणाली.

"मोजे नकोत." तो समोर येऊन बसला. शालू त्याने पुन्हा टेबलावर पसरला, एक कोपरा स्वतः सरळ केला. "वाट."

तिने वाटले. दोघं खेळत राहिले. बाहेर संध्याकाळची, मगरिबची अजान झाली, खाडीवर दिवे लागले. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. शेवटी वासुदेव एकदाचा हरला. लतिकाने तुकडे ओढून घेतले, हात थांबवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"दे की," वासुदेव म्हणाला. "माझा एक."

पुढचे काही दिवस तिने मंडळाचे फोन उचलले नाहीत. बाजारात हापूस आला, तो तिने न बघितल्यासारखा केला. ग्रेसकडे मात्र नेहमीप्रमाणे शिऱ्याचा डबा गेला. राग असला म्हणून शेजाऱ्यांना उपाशी ठेवायचं असं थोडंच आहे.

ग्रेस डबा परत घेऊन आली तेव्हा नेहमीसारखी आत आली नाही, दारातच उभी राहिली. डबा हलका लागला. लतिकाच्या मनात पाल चुकचुकली. पण हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं. तिने झाकण काढलं.

आत एक पट्टी होती. पितळी रंगाची, मागे टाचणी, पुढे एकच शब्द कोरलेला. लतिका.

"मिसेस फोंगनी दिली," ग्रेस म्हणाली. "उद्या ऑफिसात येऊन सह्या कर. त्या म्हणाल्या, हरलेल्या पाहुण्याला आपणही रिकाम्या हाताने पाठवत नाही. चहा देतो, जेवणाचं कूपन देतो, जास्त हरला तर खोलीसुद्धा देतो. पण ते काम टेबलावर होत नाही. त्याला वेगळं लाउंज आहे. तिथे बाई हवी आहे."

लतिकाने पट्टी तळहातावर घेतली. कोरलेल्या अक्षरांवरून तिने एकदा बोट फिरवलं. इशिताने ती तिच्या कुर्त्यावर लावून दिली, जरा लांब जाऊन बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "छान दिसते, आई."

लाउंजमधल्या सरावाच्या पहिल्या दिवशी लतिका अर्धा तास आधी जाऊन उभी राहिली. काळं जाकीट, छातीवर नाव, डोक्यावर खरंखुरं झुंबर. हरलेल्या पाहुण्याचं सोंग घेऊन एक मोठे साहेब आले, सोफ्यावर बसले. लतिकाने त्यांना वेलचीचा चहा दिला, कूपन दिलं, आग्रह करून दोनदा बिस्किटं दिली. साहेब खूष झाले. "थँक यू, लतिका," म्हणाले आणि कप तिच्या हातात देऊन निघून गेले.

लतिकाने कपात डोकावून बघितलं.

संध्याकाळी घरी आल्यावर वासुदेवने उत्सुकतेने विचारलं, "कसा गेला पहिला दिवस?"

"माणसं चांगली आहेत हो," पट्टी काढून देवापुढे ठेवत लतिका म्हणाली. "पण कप रिकामाच परत देतात. मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, वळण म्हणून नाही."